ताण तोडायला मी गेलो नाही

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. विचारणारे कमी नव्हते. मेळघाटच्या डोंगरात एक अख्खा हिवाळा एकट्यानं काढलेला माणूस म्हणून आमच्या भागात माझी थोडीफार ख्याती आहे. चांदूर बाजारच्या एका शाळेत माझा सत्कारही झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. पोरांना मी अस्वलाची गोष्ट सांगितली, मडक्यातलं पाणी गोठल्याची सांगितली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी कागदावरून वाचलं, "पत्नीच्या निधनानंतर त्यांना विरक्ती आली आणि त्यांनी अरण्याचा मार्ग धरला." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. पहिल्या रांगेत माझा धाकटा भाऊ बसला होता. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी त्याच्या चालूच होत्या.

आता भाऊ राहिला नाही, आणि ती शाल अंगावर घेऊन मरायची माझी इच्छा नाही. विरक्ती वगैरे मला काही आली नव्हती. त्या हिवाळ्यात मी जंगलात जाऊन बसलो तो भावाचा सूड घ्यायला. आणि तो मी पुरेपूर घेतला.

आमची बाग शेंदूरजनाघाटच्या बाजूला. संत्र्याची. बाग आम्हा दोघा भावांची सामाईक, विहीर एकच. ज्यांना संत्र्याचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. थंडीत, डिसेंबरच्या सुमाराला, आम्ही झाडांचं पाणी बंद करतो. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं कासावीस होतं, पानं मलूल होतात, खालची काही गळतात. संक्रांतीच्या आसपास ताण पुरा झाला की पाणी सोडायचं, म्हणजे ताण तोडायचा. मग ते झाड जिवावरचं संकट गेल्यासारखं फुलून येतं. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते, फूल येत नाही. जास्त झाला तर झाड वाळतं. सगळी कमाई त्या थोड्याशा दिवसांच्या अंदाजावर.

आमच्या घरची रीत अशी की ताण घरातल्या थोरल्यानंच तोडायचा. विहिरीवरची मोटार सुरू करायची, फावड्याला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि पहिल्या दांडाचं, म्हणजे झाडांकडे जाणाऱ्या पाटाचं, तोंड थोरल्यानं आपल्या हातानं मोकळं करायचं. आजोबांनी केलं, वडिलांनी केलं, मग मी करत आलो. वडील म्हणायचे, "पाणी कोणीही सोडते रे. यश हाताले असते."

ज्या वर्षी बायको आजारी पडली त्या वर्षी संक्रांतीला मी अमरावतीला दवाखान्यात होतो. तिच्या उशाशी. फोन वाजायचा, मी बंद करायचो. भावाचे फोन आहेत हे दिसत होतं. पण डॉक्टर आत काय सांगतील त्याच्या पुढे मला बाग दिसत नव्हती. इकडे भावानं दोन दिवस वाट पाहिली आणि ताण तोडला. स्वतःच्या हातानं. ते त्यानं योग्यच केलं, हे आज मी सरळ लिहू शकतो. तेव्हा मात्र माझ्या अंगाची आग झाली होती.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बायको गेली. तेरवीला नातेवाईक आले, जेवले, आणि पाय मोकळे करायला बागेत गेले. बाग पांढरीशुभ्र फुलली होती. वास असा की जेवण झालेल्या माणसाला पुन्हा भूक लागावी. आमचा एक म्हातारा काका झाडाखाली उभा राहून म्हणाला, "काय फुटला बाप्पा बहार! थोरल्याच्या हातानं असा कधी फुटला नाई. लहान्याच्या हाताले यश हाये. आता दरसाली यालेच तोडू देजा."

आणि माझा भाऊ हसला.

एवढंच. त्याहून मोठं काही घडलं नाही. वाटणीचं भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. माझ्या बायकोच्या तेरवीला, तिच्या फोटोवरचा हार सुकला नव्हता तेव्हा, माझा भाऊ हसला. ते हसू मी उचललं आणि दहा महिने पोटात सांभाळलं. ते वाढवत नेलं. पावसाळ्यात तो बागेत फवारा मारत असायचा, मला पाहून हात करायचा, आणि मला त्या तोंडावर तेच हसू दिसायचं.

पुढच्या डिसेंबरात पाणी बंद करायची वेळ आली तेव्हा मी मोटारघराला नवं कुलूप आणलं. म्हटलं, चोऱ्या वाढल्यात, केबल कापून नेतात लोक. चावी एकच ठेवली आणि करगोट्याला बांधली. मग अंगणात भावाला समोर उभा केला.

"यंदा ताण मी तोडीन. मी आल्याशिवाय फावडं लावाचं नाई."

"तुमीच तोडा दादा. तुमचाच मान हाये. मांगच्या वर्षी मी बम फोन केले, तुमी..."

"फोनचं राहू दे. शब्द दे."

"देल्ला ना दादा. शब्द कायचा, माहा जीव घ्या." तो हसत म्हणाला. पुन्हा तेच हसू.

माझा शाळेतला एक मित्र जंगलखात्यातून निवृत्त झाला होता. सेमाडोहच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत त्याचं छोटं वावर होतं, जंगलाला लागून. हरभरा पेरलेला. रानडुकरांपासून राखायला माणूस हवा होता आणि त्याचे गुडघे गेले होते. मी म्हणालो, मी जातो. तो माझ्याकडे पाहातच राहिला.

"लेका, तेथं थंडी कशी पडते मालूम हाये का? तुह्या अंगावरची गोधडी नीट कराले बी कोनी नाई."

"बरंच हाये मंग," मी म्हणालो.

त्याला वाटलं, बायको गेली म्हणून. सगळ्यांना तसंच वाटलं आणि मी वाटू दिलं. बायकोच्या मरणाचा असा उपयोग करणारा माणूस मी. हेही एकदा लिहून टाकतो.

वावरातली राखणीची खोपडी कुडाची होती, शेणानं लिंपलेली, वर गवत. बाजूला एक मचाण. जवळची वस्ती डोंगराच्या पलीकडे, अर्ध्या तासाच्या वाटेवर. पाणी नाल्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं भरायचं. दिवसभर लाकडं गोळा करायची. धावड्याचं लाकूड एकदा पेटलं की सकाळपर्यंत धग धरतं, हे मी दोन-तीन दिवस कुडकुडून शिकलो. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मिरची आणि तेलाचा डबा. भाकर, वरण, आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पानांची भाजी.

थंडी अशी की आमच्या सपाटीच्या माणसाला कल्पना येणार नाही. ऊन डोंगराआड गेलं की कोणीतरी दार उघडं टाकून निघून गेल्यासारखं वाटायचं. पीठ मळताना बोटं वाकायची नाहीत. टाचांना अशा भेगा पडल्या की त्यात राख भरायची वेळ आली. पोत्यात गवत कोंबून त्यावर झोपायचो, दुसरं पोतं पायांवर, वर गोधडी, आणि चूल पायाशी. सकाळी बाहेर येऊन पाहावं तर बांधावरचं गवत पांढरं, मडक्यात पाण्यावर काचेसारखी साय. बोटानं दाबली की टचकन फुटायची.

लोक विचारतात, एकटेपणा कसा सोसला? सोसायला मी एकटा होतोच कुठे. भाऊ सतत माझ्यासोबत होता. लाकूड फोडताना मी त्याच्याशी भांडायचो. भाकर थापताना त्याला थापायचो. त्यानं काय म्हणावं, मी काय उत्तर द्यावं, सगळं तोंडपाठ. एखादं झणझणीत उत्तर सुचलं की मी मोठ्यानं बोलून पाहायचो. दुसऱ्या दिवशी त्याहून झोंबणारं शोधायचो.

अस्वलाची गोष्टही सरळ करून टाकतो. शाळेतल्या पोरांना मी सांगितलं की अस्वल समोर आलं, मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिलो आणि ते निघून गेलं. झालं असं की दुपारी मी बोरीखालून चाललो होतो, भावाला उद्देशून हातवारे करत, तावातावानं बोलत. अस्वल बोरं खात बसलं होतं. मला ते दिसलंच नाही. त्यालाच माझी भीती वाटली असावी. ते मागच्या पायांवर उभं राहिलं, फुसफुसलं आणि झाडीत घुसलं. फुसफुस ऐकून मी वळलो तेव्हा हे दिसलं, आणि मी मटकन खाली बसलो. उठल्यावर पुन्हा भांडण जिथं थांबलं होतं तिथून सुरू केलं.

खोपडीत फोनला रेंज नव्हती. मागच्या टेकडीवर एका खडकाजवळ यायची. मी वर चढायचो, फोन चालू करायचो, की भावाच्या मिस्ड कॉलचे मेसेज धडाधड उतरायचे. ते पाहायला बरं वाटायचं. एकदा हातात असतानाच फोन वाजला. पडद्यावर त्याचं नाव. मी खडकावर बसून तो वाजताना पाहात राहिलो. दवाखान्यात असाच वाजत होता, बायको आत होती तेव्हा. वाजून वाजून थांबला. मग मी खाली उतरलो आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

खरं सांगायचं तर सुरुवातीला त्याला फक्त ताटकळत ठेवायचा बेत होता. सगळं गाव बागा भिजवेल, आणि हा कुलपाकडे पाहात बसेल. लोक विचारतील, काहून रे, तुमची मोटार बंद काहून? आणि याला सांगावं लागेल, दादा यायचे आहेत, दादाशिवाय होत नाही. चार दिवस हे चालावं, मग मी उतरावं आणि सगळ्यांदेखत पहिला दांड फोडावा. एवढंच मला हवं होतं.

संक्रांत तोंडावर आली तेव्हा तो स्वतःच आला. दुपारची वेळ. घाटातून मोटरसायकलचा आवाज बराच आधी ऐकू आला. कानटोपी, वर मफलर, ओठ फाटलेले. गाडीच्या हँडलला पिशवी. त्यात पीठ, त्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या भावसुनेनं, केलेले तिळाचे लाडू, आणि एक जाड वाकळ.

"राम राम दादा."

"काहून आला?"

"संक्रांत हाये ना. तिळगूळ घेऊन आलो."

"संक्रांत तं परवा हाये. परवा काई काम हाये का तुले?"

तो हसला. माझ्याकडे नीट पाहिल्यावर मात्र त्याचं हसू मावळलं. "दादा, तुमी हरभरा राखून राहिले का हरभरा तुमाले राखून राह्यला? हाडं दिसून राहिली तुमची."

"माह्या हाडाचं मी पाहीन. चहा घे."

गुळाचा काळा चहा केला. तो चुलीजवळ उकिडवा बसला, हात शेकत. बराच वेळ आम्ही हरभऱ्याबद्दल बोललो. मग तो ग्लासात पाहात म्हणाला, "ताण पुरा झाला दादा."

"झाला असन."

"पानं गुंडाळली. खालची गळून राहिली. आनं थंडी पाहा कशी पडून राहिली. जमिनीत ओल नसली तं झाडाले थंडी मारते. तुमीच शिकोलं मले."

"मंग तोड ना ताण. तुह्या हाताले यश हाये. साऱ्या सोयऱ्यायनं म्हनलं."

त्यानं चुलीतलं लाकूड उगाच पुढे सरकवलं. "तुमाले तेच लागलं का दादा?"

"काय लागलं?"

"त्या दिवशी काकानं म्हनलं, आनं मी हासलो. दादा, मले त्या वक्ती..."

"तू हासला? मी नाई पाह्यलं बा."

"आयका तं खरं..."

"चहा थंडा होऊन राह्यला."

त्याला काय सांगायचं होतं, ते मला आजही माहीत नाही. त्या वेळी त्याला बोलू दिलं असतं तर माझ्याजवळचा राग संपला असता, आणि त्या थंडीत माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"चला, मांगं बसा गाडीवर. आजच जाऊ."

"मित्राचं वावर हाये. असं टाकून कसा येऊ? त्याले निरोप देतो. दोन दिसांत येतो."

"पक्कं?"

"येतो म्हनलं ना."

त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. भेगांमध्ये राख भरलेली पाहून म्हणाला, "मलम पाठोतो." चावीचं नाव त्यानं काढलं नाही. मागितली असती तर मी दिली असती का, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मागितली नाही, एवढंच खरं. मी देऊ शकत होतो, तेही तितकंच खरं. तो गाडीवर बसला. गाडीचा आवाज वळणावळणानं घाट उतरत गेला आणि मी तो शेवटपर्यंत ऐकला. मग आत येऊन लाडवांचा डबा उघडला आणि एका बैठकीत निम्मा संपवला.

दोन दिवसांनी मी गेलो नाही. त्यानंतरही नाही.

संक्रांत झाली आणि थंडीची ती लाट आली जिच्याबद्दल आमच्याकडे अजून बोलतात. एका सकाळी मी उठून वावरात गेलो. वरच्या अंगाचा हरभरा ठीक होता. खालच्या खोलगट भागात, जिथं गार हवा साचते, तिथं शेंडे काळे पडले होते. उकळतं पाणी ओतल्यासारखे. मी एक फांदी मोडून पाहिली. आतून मऊ, मेलेली.

इथं मला नीट लिहायचं आहे. पुढे मी लोकांना सांगितलं की मला कल्पना नव्हती, डोंगरात बसून खालचं काय कळणार. मला सगळं कळलं. ती काळी फांदी हातात धरून मी उभा होतो आणि मला आमची बाग डोळ्यांसमोर दिसत होती. कोरडी ठणठणीत जमीन, तहानलेली झाडं, वरून ही थंडी. पाणी मिळालेली बाग अशा थंडीत तगते. आमची तगणार नाही. वस्तीपासून दुपारची एसटी होती. बसलो असतो तर संध्याकाळच्या आत परतवाड्याला पोचलो असतो, तिथून पुढे काही ना काही मिळालंच असतं. लाट अजून संपली नव्हती, उरलेली झाडं वाचली असती. मी ती फांदी फेकली, खोपडीत आलो आणि चुलीत लाकूड सारलं. मनात आलेलं वाक्य मला शब्दशः आठवतं. आता हास.

नंतर मला ताप आला. ताप खरा होता. काही दिवस मी पोत्यांमध्ये पडून होतो, पाणी प्यायलाही उठवत नव्हतं, आणि मरायची भीती वाटली. गावी परतल्यावर मी हाच ताप सगळ्यांना दाखवला. "येतो म्हनलं होतं, पन तापानं पाडलं." लोक हळहळले. ताप थंडीच्या लाटेनंतर आला, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शेवटी मित्रच हरभरा काढायला माणसं घेऊन आला. मला पाहिलं आणि हात धरून जीपमध्ये बसवलं.

मी थेट बागेत गेलो. संत्र्याचं झाड थंडीनं मेलं की पानं लगेच गळत नाहीत. तपकिरी होऊन फांदीलाच लटकून राहतात आणि वाऱ्यानं कागदासारखी वाजतात. अर्ध्याहून अधिक बाग वाजत होती. भावसून बांधावर उभी होती. एरवी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ती बाई, त्या दिवशी उघड्या डोक्यानं सरळ माझ्या तोंडाकडे पाहात होती.

"म्या दहा खेपा म्हनलं, कुलूप तोडा. शेजारचे पाईप टाकून पानी द्याले तयार होते. हे म्हनत, दादानं कुलूप लावलं हाये, दादाले शब्द देल्ला हाये, दादा येऊन राहिले. रोज सकाळी रस्त्यावर जाऊन उभे राहत."

माझ्या भावानं कुलूप तोडलं नाही. वितभर लोखंड, दगडाच्या दोन घावांचं काम. आदल्या वर्षी वाट न पाहिल्याचा डाग त्याला पुसायचा होता, म्हणून या वर्षी तो वाट पाहातच राहिला. मूर्खपणाच म्हणा. आमच्या घरातच होऊ शकतो असा.

भाऊ मोटारघराच्या पायरीवर बसला होता. मला पाहून उठला. मला वाटलं, आता हा मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं कोपऱ्यातलं फावडं घेतलं, त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ माझ्या हातात दिला. शेजारपाजारचे पाच-सात जण जमले होते.

"तोडा दादा ताण."

"लहान्या, आता काय..."

"तोडा ना. थोरल्याच्या हातचं पानी हाये."

मी कुलूप काढलं. मोटार सुरू केली. नारळ फोडला आणि पहिल्या दांडाचं तोंड मोकळं केलं. पाणी मेलेल्या झाडांच्या बुडाशी जाऊन साचलं. भाऊ हात जोडून उभा होता. लोक मान खाली घालून पाहात होते. त्या दिवशी मला कळलं की सूड घेणं काही फक्त मलाच येतं असं नाही.

तो मला कधी एक वाकडा शब्द बोलला नाही. कोणी विचारलं की दादा कुठे होते, तर तो सांगायचा, "वहिनी गेली आनं दादाचं मन उठलं. तपाले बसले होते जंगलात." विरक्तीची गोष्ट त्याचीच. त्यानंच ती गावात फिरवली, सोयऱ्यांत पोचवली. सत्काराचं शाळेत सुचवणाराही तोच होता. मेलेली झाडं त्यानं काढली, पण ती जागा पुन्हा लावली नाही. पऱ्हाटी नाही, तूर नाही. काळी, मोकळी. आणि दर संक्रांतीला माझ्या दारात येऊन पायाला हात लावून म्हणायचा, "चला दादा, ताण तोडाले." मला त्या मोकळ्या जमिनीच्या कडेला उभं करायचा, फावडं हातात द्यायचा. नकार कसा देणार? मानच तर मी मागितला होता.

माफी मागायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पहिल्याच वर्षी दांड फोडताना म्हणालो, "लहान्या, माह्याच्यानं..." तो म्हणाला, "दादा, पानी बांधावरून वाहून राह्यलं, तिकडं पाहा." एकदा वरूडच्या बाजारात रसवंतीवर बसलो असताना सुरुवात केली, तर त्यानं रसवाल्याला हाक मारून आणखी दोन ग्लास सांगितले. त्याच्या पोरीच्या लग्नात मांडवामागे गाठलं. म्हणाला, "वरमाय खोळंबली हाये दादा." मग मलाही चीड यायची. चुकलेला माणूस स्वतःहून वाकायला तयार आहे आणि याला ऐकायला फुरसत नाही! घरी येऊन मी पुन्हा भाकरीच्या गोळ्यावर हात आपटायचो. माफी मागू दिली नाही म्हणून मी त्याचा किती राग केला, याचा हिशेब लागणार नाही. माझा राग असा आहे. त्याला खायला काहीही चालतं.

मागच्या वर्षी त्याची फुफ्फुसं गेली. अकोल्याला पोरीकडे उपचारासाठी ठेवला होता. मी अमरावतीहून एसटीनं गेलो. संत्री न्यायची लाज वाटली म्हणून चिकू घेतले. मूर्तिजापूर येईपर्यंत वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होतो. शेजारच्या बाईला वाटलं, मी जप करतो आहे. तिनं खिडकीची जागा दिली.

पुतणीनं दार उघडलं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीत नेलं. खाटेवर तो एवढासा झाला होता. नाकात नळी. मला पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्या विरक्तीच्या गोष्टीचं पांघरूण बाजूला केलं.

"आले का तपस्वी?"

पुतणी हसली, तिला ती गंमत वाटली. चहा ठेवायला ती आत गेली. मी खाटेच्या कडेला बसलो आणि त्याचा हात धरला. त्यानं तो धरू दिला.

"लहान्या, आज मले बोलू दे."

"नाई दादा."

"एकच गोष्ट..."

"मले मालूम हाये गोष्ट. साऱ्या गावाले मालूम हाये." तो थांबला, दम घेतला. "तुमी म्हनसान, मी जाऊ द्या म्हनीन. आनं तुमी हलके होऊन जासान घरी. मी कुलूप तोडलं नाई दादा. आता हे बी नाई तोडनार."

त्यानं डोळे मिटले. हात मात्र काढून घेतला नाही. चहा आला, मी तो प्यालो. पुतणीनं विचारलं, किती दिवस राहणार, काका? मी म्हणालो, संध्याकाळच्या गाडीनं जातो. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

त्याच्यावर चिडायचा अधिकार मला नाही, तरी चिडचिड होते. आजही होते. त्यानं मला हलकं होऊ दिलं नाही आणि ते त्याचं बरोबर होतं, असं मी मनाला सांगतो, आणि मन ऐकत नाही. म्हणून हे कागदावर मांडलं. कागदाला नाही म्हणता येत नाही.

अकोल्याच्या त्या खोलीत मला जे म्हणायचं होतं, आणि जे मी तसंच एसटीत परत घेऊन आलो, ते एवढंच होतं: "लहान्या, दोन दिसांत येतो म्हनलं तवाच मले मालूम होतं का मी येनार नाई. झाडं मरून राहिली हे बी मले मालूम होतं, आनं मले बरं वाटलं. तू रस्त्यावर उभा राह्यला, मी आलो नाई. माफ कर मले."